तांबूचा मागचा डावा सड

गेल्या वर्षी श्रावणात धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा मी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत दुसऱ्या दिवशीच्या प्रात्यक्षिकाची तयारी करीत होते. "ताई, तांबूला परत दगडी झाली. तोच सड," एवढेच तो म्हणाला आणि गप्प राहिला. संगमनेर तालुक्यातल्या आमच्या गोठ्यात अकरा गायी आहेत. तांबू ही त्यांतली जर्सी संकरित गाय, तिसऱ्या वेताची, त्या वेळी दिवसाला सोळा लिटर दूध देणारी. तिचा मागचा डावा सड दोन महिन्यांत तिसऱ्यांदा सुजला होता, आणि आधीच्या दोन्ही खेपांना वेगवेगळी प्रतिजैविके देऊन झालेली होती. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, त्यामुळे घरच्या गायीच्या सडात काय चालले आहे हे मला दोन महिने विचारावेसे वाटले नाही, याची त्या फोननंतर लाज वाटली.

दगडी हे नाव अगदी नेमके आहे. कासेचा तो भाग हाताला खरोखर दगडासारखा लागतो, गरम असतो, गाय हात लावू देत नाही, आणि धार काढली तर दुधाऐवजी पिवळसर पाणी व त्यात फाटल्यासारख्या गाठी येतात. पुस्तकात याला कासदाह म्हणतात. मात्र डोळ्यांना दिसणारी दगडी हा या रोगाचा लहानसा भाग असतो. त्याहून कितीतरी अधिक सड असे असतात, की दूध पांढरे स्वच्छ दिसते, कास मऊ असते, पण आत जंतू असतात आणि त्यांच्याशी झुंजायला आलेल्या पेशींची दुधातली संख्या मिलिलिटरला दोन लाखांच्या वर गेलेली असते. हा सुप्त कासदाह ओळखण्यासाठी १९५७ साली कॅलिफोर्नियात एक सोपी चाचणी तयार झाली, आणि आपल्याकडे तिचेच घरगुती रूप वापरता येते: कपडे धुण्याच्या पावडरीचे सुमारे ३ टक्क्यांचे द्रावण आणि तितकेच दूध एका पसरट भांड्यात घेऊन फिरवायचे, दूध चिकट, जेलीसारखे झाले तर त्या सडात बिघाड आहे असे समजायचे. भावाने ही चाचणी कधी केली नव्हती, आणि ती करून पाहा असे मीही त्याला कधी सांगितले नव्हते.

पहिल्या खेपेला डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिन-क्लॉक्सासिलिन टोचले आणि सडात भरायच्या ट्यूबाही दिल्या. तिसऱ्या दिवशी दूध स्वच्छ झाले आणि भावाने उपचार थांबवले. तीन आठवड्यांनी सूज परत आली तेव्हा "ते औषध चालत नाही" असा निष्कर्ष निघाला आणि एन्रोफ्लॉक्सॅसिन आले. तिसऱ्या खेपेला, म्हणजे तो फोन आला त्याच दिवशी सकाळी, सेफ्ट्रायॅक्झोन-टॅझोबॅक्टमचे पहिले इंजेक्शन देऊन झाले होते. आपल्या दुधाच्या पट्ट्यात कुठल्याही औषध दुकानात हाच चढता क्रम ऐकू येतो, आणि त्यातली शेवटची पायरी म्हणजे माणसांच्या रुग्णालयात गंभीर न्यूमोनियाला किंवा मेंदूज्वराला दिले जाणारे औषध असते. जागतिक आरोग्य संघटनेने माणसांसाठी अत्यंत महत्त्वाच्या प्रतिजैविकांची जी यादी केली आहे, तिच्या सर्वांत वरच्या गटात सेफ्ट्रायॅक्झोनचा वर्ग आहे, एन्रोफ्लॉक्सॅसिनचा वर्गही आहे. गायीच्या शरीरात एन्रोफ्लॉक्सॅसिनचे काही प्रमाणात सिप्रोफ्लॉक्सॅसिन होते, आणि ते नाव तर घरोघरी ठाऊक आहे.

यात डॉक्टरांची निष्काळजी होती असे मला म्हणायचे नाही. त्यांच्याकडे पंधरा-सोळा गावे आहेत. ते गोठ्यात येतात तेव्हा गाय तापलेली असते, मालक घाबरलेला असतो, आणि दुधाचा नमुना जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवून अहवाल यायचा म्हणजे तीन-चार दिवस जातात. तोवर गाय तशीच ठेवा असे सांगणारा डॉक्टर त्या गावात पुन्हा बोलावला जाणार नाही. आजारी सडात नेमका कोणता जंतू आहे हे न विचारता औषध निवडले जाते, त्याचे कारण हे असे साधे आहे.

रविवारी मी घरी गेले. सेफ्ट्रायॅक्झोनचा तिसरा दिवस होता, त्यामुळे त्या दिवशी नमुना घेऊन उपयोग नव्हता. दुधात औषध असले की जंतू जिवंत असूनही प्रयोगशाळेत वाढत नाहीत. या वेळी उपचार पूर्ण पाच दिवस केला, आणि नंतर दोन आठवडे थांबून मी नमुना घेतला. सड धुऊन कोरडा केला, ७० टक्के अल्कोहोलच्या कापसाने त्याचे टोक कापूस पांढरा निघेपर्यंत पुसले, पहिल्या दोन-तीन धारा फेकून दिल्या, आणि निर्जंतुक नळी आडवी धरून तिच्यात थोडे दूध घेतले. नळी आडवी धरायची, कारण उभी धरली तर कासेवरची धूळ आणि केस थेट आत पडतात. बर्फाच्या डब्यातून ती नळी एसटीने माझ्याबरोबर आली. शेजारच्या आजींनी डब्यात काय आहे म्हणून विचारले तेव्हा मी दूध आहे असे सांगितले, आणि एवढेसेच कशाला नेतेस, या त्यांच्या प्रश्नाला मला नीट उत्तर देता आले नाही.

दुसऱ्या दिवशी रक्त मिसळलेल्या आगरावर, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीवर, सोनेरी छटेच्या गोल वसाहती उगवल्या होत्या. ते जंतू मिसळलेली सशाच्या प्लाझ्माची, म्हणजे रक्तातल्या द्रवाची, नळी काही तासांत गोठली आणि जंतूचे नाव नक्की झाले: स्टॅफिलोकोकस ऑरियस. ज्यांना गोठ्याचा अनुभव आहे त्यांना या नावाने आनंद होत नाही. स्ट्रेप्टोकोकस ॲगॅलॅक्टिए हा दगडीचा दुसरा जंतू असता तर मी भावाला निश्चिंत राहा असे सांगितले असते, कारण इतक्या दशकांच्या वापरानंतरही तो जंतू बहुतेक ठिकाणी साध्या पेनिसिलिनला बधतो. स्टॅफिलोकोकसची गोष्ट निराळी आहे.

त्याच वसाहतीतले जंतू दुसऱ्या आगरावर पसरून त्यावर मी प्रतिजैविकांच्या चकत्या ठेवल्या. जिथे औषध काम करते तिथे चकतीभोवती जंतू उगवत नाहीत आणि एक स्वच्छ वर्तुळ उरते. ते मोजपट्टीने मोजायचे. टेट्रासायक्लिनच्या चकतीला जंतू अगदी चिकटून उगवले होते. एन्रोफ्लॉक्सॅसिनचे वर्तुळ इतके लहान होते की त्यावर भरवसा ठेवण्यासारखे काही नव्हते. पेनिसिलिनचे वर्तुळ २४ मिलिमीटर होते. ते बरेच मोठे दिसते, परंतु या जंतूसाठी ते किमान २९ असावे लागते. शिवाय त्याची कड सुरीने कापल्यासारखी धारदार होती. विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगते की वर्तुळाच्या आकाराइतकीच त्याची कडही पाहावी. पेनिसिलिनने जंतू खरोखर मरत असतील तर कड पुसट असते, उगवण हळूहळू विरळ होत जाते. कड कड्यासारखी तुटलेली असेल तर जंतू पेनिसिलिन फोडणारे विकर (एन्झाइम) तयार करीत आहेत असे समजावे: चकतीजवळ औषध इतके असते की ते मरतात, आणि जरा दूर औषध कमी झाले की त्यांचे विकर त्याला पुरे पडते.

हे विकर ज्या जनुकामुळे बनते ते पुष्कळदा जंतूच्या मुख्य गुणसूत्रावर नसून प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या सुट्या वर्तुळावर असते, आणि अशी वर्तुळे एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. त्यामुळे प्रतिरोध, म्हणजे औषधाला न जुमानण्याचा गुण, केवळ आईकडून लेकीकडे उतरतो असे नाही, तो शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडेही जातो, आणि तो शेजारी निराळ्या जातीचा जंतूसुद्धा असू शकतो. प्रतिजैविक हा गुण निर्माण करीत नाही. ते फक्त ज्यांच्याकडे तो नाही त्यांना मारून टाकते आणि ज्यांच्याकडे आहे त्यांना मोकळी जागा करून देते. युरोपातल्या साळिंदरासारख्या काटेरी हेजहॉग प्राण्यांवर मेथिसिलिनला, म्हणजे क्लॉक्सासिलिनच्याच जातकुळीतल्या औषधाला, न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकसचा एक प्रकार सापडतो; तो माणसाने पेनिसिलिन वापरण्याच्या कितीतरी आधीपासून, त्या प्राण्यांच्या त्वचेवर पेनिसिलिन तयार करणाऱ्या बुरशीबरोबर झगडताना उत्क्रांत झाला, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले. हाच प्रकार २०११ मध्ये इंग्लंडमधल्या गायींच्या दुधातून प्रथम वर्णिला गेला होता.

आता मला खरे कोड्यात पाडणारी गोष्ट सांगते. मेथिसिलिनचा प्रतिरोध पाहण्यासाठी वापरतात त्या सेफॉक्सिटिनच्या चकतीभोवती २७ मिलिमीटरचे वर्तुळ होते, आणि तिथे २२ असले तरी पुरते. म्हणजे तांबूच्या सडातला स्टॅफिलोकोकस क्लॉक्सासिलिनला बधणारा होता, कारण पेनिसिलिन फोडणाऱ्या त्या विकराला क्लॉक्सासिलिन फोडता येत नाही. पहिल्याच खेपेला डॉक्टरांनी दिलेले औषध योग्य होते! काचेच्या बशीत जे जंतू मेले असते ते सडात मेले नाहीत. मग "ते औषध चालत नाही" म्हणून आपण पुढच्या पायरीवर चढलो, आणि ती पायरी मात्र खरोखरच कुचकामी होती.

याचे उत्तर कासेच्या आत आहे. स्टॅफिलोकोकस दुधाच्या नलिकांतून आत शिरतो, पेशींना चिकटतो, स्वतःभोवती चिकट थर रचतो, आणि जुनाट आजारात ऊतींमध्ये बारीक गळवे तयार करतो, ज्यांच्या भोवती व्रणाची भिंत उभी राहते. इतकेच नव्हे तर तो गायीच्या पेशींच्या पोटातही जिवंत राहतो, ज्या पांढऱ्या पेशी त्याला गिळून मारायला आलेल्या असतात त्यांच्याही पोटात. या भिंतींपलीकडे औषध पुरेसे पोहोचत नाही. तीन दिवसांत दुधातल्या गाठी जातात, कारण दुधात मोकळे फिरणारे जंतू मरतात. आतले तसेच राहतात आणि काही आठवड्यांनी पुन्हा बाहेर येतात. अशा वेळी औषध बदलून फारसे साधत नाही. दरम्यान प्रत्येक नव्या औषधाचा मारा गायीच्या आतड्यातल्या, कातडीवरच्या आणि गोठ्यातल्या असंख्य दुसऱ्या जंतूंवर होत राहतो, ज्यांचा दगडीशी काही संबंध नसतो.

या दुसऱ्या जंतूंचा विचार आपल्याकडे फार कमी होतो, म्हणून त्याविषयी थोडे अधिक लिहिते. औषध दिलेल्या गायीचे दूध विकायचे नसते. आपल्या औषध नियमांप्रमाणे ज्या पशुऔषधाचा थांबण्याचा काळ वेगळा तपासून ठरवलेला नाही, त्यासाठी तो दुधाला किमान ७ दिवस आणि मांसाला किमान २८ दिवस धरायचा असतो, आणि तो काळ वेष्टनावर छापावा लागतो. एकाच सडात ट्यूब भरली तरी चारही सडांचे दूध बाजूला काढावे लागते. तांबूच्या बाबतीत हिशेब सोपा होता: सात दिवसांचे ११२ लिटर, त्या वेळच्या तीस रुपयांच्या आसपासच्या दराने साडेतीन हजारांच्या जवळपास, आणि औषधाचा खर्च निराळा. तिसऱ्या दिवशी दूध स्वच्छ दिसले की माणूस उपचार का थांबवतो हे या आकड्यात दिसते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली देशभरातून घेतलेल्या दुधाच्या ६,४३२ नमुन्यांपैकी ७७ नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळले होते. प्रमाण थोडे वाटते, आणि ग्राहक म्हणून ते दिलासा देणारेही आहे. परंतु न विकलेले दूध जाते कुठे, हे त्या आकड्यात नसते.

आमच्या गोठ्यात ते वासरांना जाते, आणि मला माहीत असलेल्या बहुतेक गोठ्यांत तसेच होते. दूध ओतून देणे आपल्या हाताला जमत नाही. त्यात पाप वाटते. मग दुसऱ्या गायीची महिनाभराची कालवड ते सेफ्ट्रायॅक्झोनमिश्रित दूध रोज पिते, आणि तिच्या कोवळ्या आतड्यात ज्या जंतूंची वस्ती प्रथमच होत असते त्यांची चाळणी त्या औषधाने होते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१७ मध्ये या विषयावर दिलेल्या मतात असे दूध पाजल्याने वासरांच्या विष्ठेतले प्रतिरोधक जंतू वाढतात असा निष्कर्ष काढला आहे. कुतूहल म्हणून मी त्या कालवडीच्या शेणाचा नमुनाही नेला होता. त्यातल्या ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूंवर सेफ्ट्रायॅक्झोनच्याच वर्गातल्या सेफोटॅक्सिमची चकती जवळजवळ निष्प्रभ ठरली, आणि तिच्याशेजारी अशा विकरांना रोखणारे क्लॅव्हुलॅनिक आम्ल मिसळलेली चकती ठेवली तेव्हा वर्तुळ एकदम रुंदावले, म्हणजे हे जंतू सेफ्ट्रायॅक्झोनच्या वर्गालाही फोडणारे विकर तयार करीत होते. एका कालवडीवरून काही सिद्ध होत नाही, आणि हे जंतू तिच्यात आईकडून, पाण्यातून किंवा माझ्या भावाच्या हातांवरूनही आले असतील. पण ते शेण उकिरड्यावर जाते, उकिरडा शेतात जातो, आणि त्याच शेतात आम्ही मेथी-कोथिंबीर लावतो.

गोठ्यातून घरात ही वाट मोकळी आहे हे अमेरिकेत सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ स्टुअर्ट लेव्ही यांनी १९७६ साली दाखवून दिले होते. मॅसॅच्युसेट्समधल्या एका कुटुंबाच्या शेतावर त्यांनी कोंबड्यांच्या एका गटाला टेट्रासायक्लिन मिसळलेले खाद्य दिले आणि दुसऱ्या गटाला साधे. आठवड्याभरात पहिल्या गटातल्या कोंबड्यांच्या आतड्यातले जवळजवळ सगळे ई. कोलाय टेट्रासायक्लिनला जुमानेनासे झाले, आणि सहा महिन्यांच्या आत त्या शेतावर राहणाऱ्या माणसांच्या आतड्यांतही तसे जंतू शेजाऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक सापडू लागले. त्या माणसांपैकी कोणी औषध घेतले नव्हते.

कुक्कुटपालनाचे मला प्रत्यक्ष ज्ञान नाही, म्हणून त्याविषयी थोडक्यात. कोलिस्टिन हे माणसांसाठी जवळजवळ शेवटचे राखून ठेवलेले औषध कोंबड्यांच्या खाद्यात सर्रास घातले जात असे. चीनमधल्या डुकरांतून या औषधाला निकामी करणारे, प्लाझ्मिडवर स्वार झालेले एमसीआर-१ हे जनुक सापडल्याचे नोव्हेंबर २०१५ मध्ये जाहीर झाले, आणि पाहता पाहता ते अनेक देशांत आढळले. भारताने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली. ही बंदी योग्यच होती. मात्र मेलेली जनावरे खाऊन मरणाऱ्या गिधाडांसाठी २००६ मध्ये जनावरांच्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकावर बंदी आल्यानंतरही माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्यांमधून तेच औषध गोठ्यात येत राहिले आणि २०१५ मध्ये त्या बाटल्यांचा आकार ३ मिलिलिटरवर आणावा लागला, हे मी गावात पाहिलेले आहे. दगडीची बहुतेक औषधे बंदी घालण्याजोगी नाहीतही. आजारी गायीला उपचार मिळालाच पाहिजे.

त्यामुळे मला गोठ्याच्या आतले बदल अधिक महत्त्वाचे वाटतात, आणि ते करताना भावाशी माझे बरेच खटकेही उडाले. कास पुसण्याचे एकच फडके सगळ्या गायींना फिरत होते. स्टॅफिलोकोकस एका सडातून दुसऱ्या सडात जातो तो मुख्यतः असाच, फडक्यावरून, हातांवरून आणि यंत्राच्या नळ्यांवरून. आता प्रत्येक गायीला वेगळे कापड आहे. धार काढल्यावर सडाचे तोंड अर्धा-पाऊण तास उघडे राहते, म्हणून त्या वेळी गायींपुढे वैरण टाकून त्यांना उभे ठेवायचे आणि सड आयोडीनच्या द्रावणात बुडवायचे. हे द्रावण महाग पडते अशी त्याची तक्रार होती. सेफ्ट्रायॅक्झोनची बिले समोर ठेवल्यावर ती मावळली. पावडरीची चाचणी दर पंधरा दिवसांनी होते. सुजेच्या सुरुवातीला कोरफड, हळद आणि चुना यांचा लेप तो लावतो. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानेही त्याचा प्रसार केलेला आहे, आणि सौम्य आजारात तो लावून पाहायला माझी हरकत नसते, मात्र ताप आलेल्या गायीला लेपावर सोडू नये असे मी त्याला बजावले आहे. कालवडींना औषधाचे दूध पाजायचे नाही, एवढी एक गोष्ट आईला पटवणे सर्वांत अवघड गेले.

तांबूला मार्गशीर्षात आटवले. आटवताना सडात भरायची दीर्घकाळ टिकणारी क्लॉक्सासिलिनची ट्यूब आम्ही डॉक्टरांना विचारून चारही सडांत भरली, कारण दूध बंद असलेल्या काळात औषध कासेत अधिक दिवस टिकते आणि या जंतूला काढून टाकण्याची त्यातल्या त्यात बरी संधी तेव्हाच असते. युरोपीय संघात जानेवारी २०२२ पासून निरोगी सडांत अशी औषधे सरसकट भरायला मनाई आहे, आणि त्यामागचे कारण मला मान्य आहे. तरी इतर तीन सड तेव्हा तपासले नव्हते म्हणून मी गप्प बसले. ते माझे चुकलेच.

माघात ती व्याली. आठ दिवसांनी चीक संपल्यावर घेतलेल्या नमुन्यात काही उगवले नाही आणि भावाने पेढ्यांचा फोटो पाठवला. स्टॅफिलोकोकस दुधातून रोज बाहेर पडत नाही, कधी पडतो कधी नाही, म्हणून एका स्वच्छ नमुन्यावर विसंबू नये असे मी त्याला कळवले, ते त्याला आवडले नाही. त्यापुढच्या आठवड्यातल्या नमुन्यात त्याच सोनेरी वसाहती होत्या, पेनिसिलिनच्या वर्तुळाची तीच धारदार कड होती. तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने तो सड कायमचा आटवून टाकला.

चैत्रात एक व्यापारी तांबूला पाहायला आला होता. भावाने त्याला मागच्या डाव्या सडाविषयी सगळे सांगितले, प्रयोगशाळेचा कागदही दाखवला. त्याने किंमत निम्म्यावर आणली आणि हा कागद पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवू नको असा सल्ला दिला. सौदा झाला नाही. तांबू अजून आमच्याच गोठ्यात आहे, तीन सडांवर अकरा-बारा लिटर देते, आणि तिची धार सगळ्यांच्या शेवटी काढली जाते.